पवई की कानपूर? कॉम्प्युटर सायन्सच्या ‘नंबर एक’ची गोष्ट

जून आला की जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागतो आणि थोड्याच घरांत, पण फार मोठ्या आवाजात, एक चर्चा सुरू होते. मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स मिळतंय का? नाही? मग दिल्ली की मद्रास? कानपूर कसं आहे? मावशीच्या दिराचा मुलगा म्हणतो कानपूर लांब पडेल. क्लासवाले सर म्हणतात, मागच्या वर्षीचे क्लोजिंग रँक बघा आणि त्याच क्रमाने फॉर्म भरा, डोकं चालवू नका.

या ‘डोकं चालवू नका’ची मला मोठी गंमत वाटते. देशातल्या सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना हा सल्ला दिला जातो आणि ती तो मुकाट्याने मानतातही.

आज क्रम सगळ्यांना पाठ आहे. मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्सच्या खुल्या गटातल्या जागा गेली काही वर्षं साठ-सत्तराव्या रँकच्या आसपास संपतात. मग दिल्ली, मग मद्रास. कानपूरचा नंबर दोनशेच्या पुढे गेल्यावर लागतो. आजच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला वाटतं की हे असंच होतं, सूर्य पूर्वेला उगवतो तसं. प्रत्यक्षात हा क्रम अगदी अलीकडचा आहे. आणि तो कसा तयार झाला हे बघितलं तर त्यात अभ्यासक्रमाच्या दर्जापेक्षा परदेशी मदत, एक मराठी माणूस, एक अमेरिकन यंत्र आणि दोन शहरांचं नशीब यांचाच वाटा जास्त दिसतो.

सुरुवातीपासून सांगतो.

खरगपूरची पहिली आयआयटी १९५१ ची. पुढच्या चार उभ्या करताना नेहरूंच्या सरकारने एक चतुर गोष्ट केली. शीतयुद्धाचे दिवस होते, तेव्हा प्रत्येक संस्थेला वेगळ्या देशाची मदत घ्यायची. मुंबईला सोव्हिएत रशिया (युनेस्कोमार्फत), मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन. म्हणजे कोणाच्याच उपकाराखाली पूर्ण दबायचं नाही. परराष्ट्र धोरण म्हणून हे भारीच. पण पंचवीस वर्षांनी कॉम्प्युटर सायन्स कुठे चांगलं शिकवलं जाईल, हे याच वाटणीने बरंचसं ठरवून टाकलं, आणि ते तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता तो मराठी माणूस. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. विषय इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं, मग मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विभागप्रमुख. पवईची आयआयटी कागदावर होती तेव्हापासून त्यांनी तिच्या उभारणीचं काम केलं. ही संस्था १९५८ मध्ये वरळीला ‘सस्मिरा’च्या इमारतीत शंभर मुलांवर सुरू झाली, पवईची इमारत नंतरची. आणि १९५९ मध्ये केळकरांना सरकारने उचलून कानपूरला संचालक म्हणून पाठवलं. तिथली सुरुवात तर आणखी साधी, हारकोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या कॅन्टीनच्या इमारतीतल्या एका खोलीत. कानपूरच्या आयआयटीचं ग्रंथालय आज त्यांच्या नावाने आहे. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे, हे मी विचारणार नाही.

केळकरांनी कानपूरला काय केलं? एक तर तरुण माणसं गोळा केली. परदेशात पीएच.डी. करून बसलेल्या भारतीय पोरांना परत बोलावलं, आणि त्यांना हाताखालचा मास्तर म्हणून न वागवता मोकळं सोडलं. दुसरं, इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात मूलभूत विज्ञान आणि मानव्यविद्या यांना भरपूर जागा दिली. त्या काळी आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजात मुलाने लेथ किती वेळ चालवला हे मोजलं जायचं, हे लक्षात घ्या. तिसरं म्हणजे अमेरिकन मदत. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं ‘कानपूर इंडो-अमेरिकन प्रोग्राम’ चालला. त्यात नऊ अमेरिकन संस्था होत्या. एमआयटी, बर्कली, कॅलटेक, प्रिन्स्टन, कार्नेगी, मिशिगन, ओहायो स्टेट, केस आणि पर्ड्यू. यादी परत एकदा वाचा. आजचा मुलगा ज्या विद्यापीठांत एम.एस. करायला जीव टाकतो, त्यातली निम्मी कानपूरला राहायला आली होती.

आणि मग १९६३ च्या ऑगस्टमध्ये यंत्र आलं. आयबीएम १६२०.

या यंत्राबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. भारतातला हा पहिला कॉम्प्युटर नव्हे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पन्नासच्या दशकातच ब्रिटिश यंत्र आलं होतं, आणि मुंबईत टीआयएफआरच्या मंडळींनी रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ स्वतः बांधला होता. पण ती संशोधकांची यंत्रं. कानपूरचं यंत्र विद्यार्थ्यांसाठी होतं. बर्कलीहून हॅरी हस्की आले, व्ही. राजारामन विस्कॉन्सिनहून पीएच.डी. करून आधीच परतले होते, एच. एन. महाबळ होते. बी.टेक.च्या पोराने स्वतः पंचकार्डं पाडायची, स्वतः प्रोग्राम चालवायचा, स्वतः चुकायचं. शिवाय देशभरातल्या वैज्ञानिकांसाठी प्रोग्रामिंगचे दहा-दहा दिवसांचे वर्ग. राजारामन यांनी पुढे फोरट्रानवर जी स्वस्तातली पुस्तकं लिहिली, ती पुण्या-नागपूर-औरंगाबादच्या कॉलेजांत सत्तर-ऐंशीच्या दशकात शिकलेल्यांनी नक्की हाताळली असतील.

तुलनेसाठी सांगतो. अमेरिकेतला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग पर्ड्यूला १९६२ मध्ये निघाला. स्टॅनफर्डचा १९६५ मध्ये. म्हणजे कानपूर जगाच्या एखाद-दोन वर्षंच मागे होतं! दुसऱ्या कुठल्या तंत्रज्ञानात भारत असा दाराशी उभा होता, सांगा.

पवईला काय चाललं होतं? तिथे सोव्हिएत मदत होती, म्हणून सोव्हिएत यंत्रं आली. आधी ‘मिन्स्क’, नंतर ‘ईसी-१०३०’. यंत्रं वाईट होती असं म्हणायचं नाही. पण पुस्तकं, प्रोग्राम, संशोधनपत्रिका, सगळं जग अमेरिकन यंत्रांभोवती फिरत होतं. सोव्हिएत मदतीने पवईला यंत्र आणि धातू यांच्या प्रयोगशाळा उत्तम मिळाल्या, कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र ती दहा-बारा वर्षं मागे राहिली. मद्रासला जर्मनांनी १९७३ मध्ये आयबीएम ३७०/१५५ हे तेव्हाचं बलदंड यंत्र दिलं आणि महाबळ कानपूर सोडून तिकडे गेले, त्यामुळे मद्रासची गाडी रुळावर आली. दिल्लीला ब्रिटिश आयसीएल. चार देशांच्या चार तऱ्हा.

आता तारखा बघा. कानपूरला कॉम्प्युटर सायन्सचं स्वतंत्र एम.टेक. आणि पीएच.डी. १९७१ पासून, बी.टेक. १९७८ पासून. मुंबईत कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभागच १९८२ मध्ये झाला. मद्रासचं बी.टेक. १९८३ चं.

याचा अर्थ असा, की १९७८ मध्ये पवईहून बाहेर पडलेल्या मुलांपुढे आजचा प्रश्नच नव्हता. त्या एका वर्षात कोण कोण बाहेर पडलं? नंदन नीलेकणी, इलेक्ट्रिकल. मनोहर पर्रीकर, मेटलर्जी. नरेंद्र करमरकर, इलेक्ट्रिकल. नीलेकणी १९८१ मध्ये इन्फोसिसच्या संस्थापकांत होते (ती कंपनी पुण्यात सुरू झाली, हे बंगळुरूकर सोयीस्कर विसरतात). पर्रीकर गोव्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्री झाले. आणि करमरकरांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना लिनिअर प्रोग्रामिंगची जी पद्धत मांडली, ती आज जगभर कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात शिकवतात. त्यांच्या डिग्रीवर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द नाही.

पण ‘ब्रँच कोणती का असेना’ असं मी म्हणतोय असा अर्थ काढू नका. तेव्हा यंत्रापर्यंत हात पोचणं दुर्मीळ होतं, म्हणून यंत्र कुठे आहे याला महत्त्व होतं. कानपूरच्या बी.टेक.च्या अगदी सुरुवातीच्या मुलांतला एक राजीव मोटवानी, १९८३ मध्ये बाहेर पडला. पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला आणि गूगल काढणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना त्यानेच मार्गदर्शन केलं. कानपूरचं नाव देशात का झालं हे यावरून कळेल. त्या काळी वरच्या रँकच्या मुलाने कानपूरचं कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर कोणी भुवई उंचावत नसे. उलट ते सोडलं तर विचारणा व्हायची.

याच कानपूरचं आपल्यावर आणखी एक ऋण आहे. ही पोस्ट तुम्ही देवनागरीत वाचताय ना? कॉम्प्युटरवर भारतीय लिपी आणण्याचं पायाभूत काम ऐंशीच्या दशकात तिथेच झालं. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्यासोबत मोहन तांबे. ते तंत्र १९८८ मध्ये पुण्यात नव्याने निघालेल्या सी-डॅककडे आलं, ‘जिस्ट’ म्हणून घरोघरच्या डीटीपीवाल्यांना माहीत झालं, आणि त्यातून ठरलेल्या ‘इस्की’ या प्रमाणावर युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी बेतलेली आहे. कोणत्याही प्लेसमेंटच्या आकड्यात हे दिसत नाही.

मग कानपूर खाली का गेलं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

विभाग खाली गेला असं नाही. शहर खाली गेलं. कानपूरच्या कापड गिरण्या बंद पडल्या, वीज, विमान, हवा सगळ्याचीच रड. इकडे १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारचं नवं कॉम्प्युटर धोरण आलं, आयात सैल झाली, मग १९९१. सॉफ्टवेअरचा पैसा बंगळुरू, पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्लीभोवती फिरायला लागला. प्राध्यापकाच्या नवरा-बायकोला नोकरी कुठे मिळेल, मुलांची शाळा कुठे, हा प्रश्न नव्या पिढीला पडू लागला. पवईच्या माजी विद्यार्थ्यांकडे पैसा आला आणि तो त्यांनी परत दिला. कंवल रेखी यांच्या देणगीतून नव्वदच्या दशकाच्या शेवटी माहिती तंत्रज्ञानाची वेगळी शाळाच पवईला उभी राहिली. नीलेकणींनी तर २०२३ मध्ये एका झटक्यात ३१५ कोटी दिले. शिवाय मुंबई म्हणजे मुंबई. सतरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईला दोघांनाही पसंत पडणारं शहर.

आणि एकदा क्रम बदलला की तो आपोआप घट्ट होत जातो. पूर्वी काउन्सेलिंगला प्रत्यक्ष जावं लागे, माहिती सीनियरकडून, मास्तरांकडून कळे. चुकीची का असेना, पण वेगवेगळी कळे. २०१५ पासून ‘जोसा’चा ऑनलाइन फॉर्म आला, दरवर्षीचे ओपनिंग-क्लोजिंग रँक सगळ्यांना उघड झाले. पारदर्शकता चांगलीच. पण आता चाळिसाव्या रँकचा मुलगा मुंबई घेतो, कारण गेल्या वर्षी चाळिसाव्याने घेतलं होतं. पुढच्या वर्षीचा त्याच्याकडे बघून घेईल. क्लासच्या जाहिरातीत फोटोखाली ‘आयआयटी मुंबई सीएस’ असं छापायला मिळतं. पहिल्या शंभरातले बहुसंख्य आता एकाच कॅम्पसवर जातात. हे शिक्षणाचं मोजमाप नाही. रांग जिथे लांब तिथलाच वडापाव चांगला, असं समजण्यातला हा प्रकार आहे. (कधीकधी तो खरंच चांगला असतो, हेही मान्य.)

२००२ सालाचं उदाहरण देतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कानपूरहून एक बातमी आली. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवण्याची पद्धत शोधली. गणितातला फार जुना प्रश्न, आणि उत्तर अवघ्या काही पानांत. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केलं होतं, आणि या शोधाची सुरुवात त्यांच्या बी.टेक. प्रोजेक्टमध्येच झाली होती. २००६ मध्ये त्याला गोडेल पुरस्कार मिळाला. त्याच २००२ मध्ये तिकडे प्रिन्स्टनला आपल्या इचलकरंजीचा सुभाष खोत ‘युनिक गेम्स कंजेक्चर’ मांडत होता. खोत १९९५ च्या जेईईत देशात पहिला आला होता, आणि त्याने पवईचं कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं. २०१४ मध्ये त्याला नेव्हानलिना पुरस्कार मिळाला, संगणकशास्त्राच्या गणिती बाजूचा तो जगातला सर्वोच्च मान.

आता सांगा, कुठलं कॉलेज वर? पवईने खोत दिला, कानपूरने कयाल-सक्सेना. फरक पाडला तो कोणाच्या खोलीचं दार उघडं होतं, सोबतचा मुलगा रात्री कशावर डोकं फोडत होता, आणि प्रोजेक्टला खरा प्रश्न मिळाला की नाही, याने. यातलं काहीच क्लोजिंग रँकमध्ये येत नाही. पण वीस-पंचवीस मिनिटं खर्च केली तर विभागाच्या संकेतस्थळावर बरंचसं सापडतं. कोण शिकवतंय, त्यांच्यासोबत बी.टेक.च्या मुलांची नावं संशोधनात दिसतात का, वर्ग केवढा मोठा आहे. आणि आयआयटीच्या बाहेरही नजर टाका. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची पदवी १९९८ पासून देते. हैदराबादची ट्रिपल आयटी त्याच वर्षीची. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने २०२२ मध्ये गणित आणि संगणनाचं बी.टेक. काढलं. संशोधनाची ओढ असलेल्या मुलाने यादीतल्या चौथ्या-पाचव्या आयआयटीपेक्षा यांचा आधी विचार केला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

हे सगळं झालं पहिल्या काही हजारांचं. सार्वजनिक प्रश्न त्याच्या खालीच आहे.

नारायण मूर्तींनी स्वतः अनेकदा सांगितलंय. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटीची परीक्षा ते पास झाले होते, पण वडील शाळामास्तर, आठ भावंडं, हॉस्टेलचा खर्च झेपणार नव्हता. म्हणून ते म्हैसूरलाच शिकले. कानपूरला पोचले ते नंतर एम.टेक.ला. तेव्हा फी आजच्या मानाने किरकोळ होती, तरीही हे झालं. २०१६ पासून बी.टेक.ची वर्षाची शिकवणी फी ९० हजारांवरून २ लाख झाली. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती माफ आहे, एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाला पूर्ण माफ, पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ. कागदावर ठीक आहे. पण तिथपर्यंत पोचायला दोन वर्षांच्या क्लासची जी फी लागते, तिला कोण माफी देणार?

दुसरी गोष्ट भाषेची. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे इचलकरंजीच्या किंवा परभणीच्या पोराने पहिली पायरी मराठीत चढायची आणि दुसरीवर भाषा बदलायची! पवई महाराष्ट्रात आहे, हे आपल्या कुठल्याच पक्षाच्या खासदारांना या बाबतीत आठवत नाही. मुलींचंही तेच. वर्षानुवर्षं आयआयटीत मुली हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या असायच्या. २०१८ मध्ये त्यांच्यासाठी वाढीव जागा आल्या, तेव्हा कुठे टक्का वीसच्या आसपास सरकला. त्या जागांवरून समाजमाध्यमांत किती गळे काढले गेले ते सगळ्यांना आठवत असेल. कानपूरला अमेरिकन यंत्र फुकटात आलं तेव्हा ‘मेरिट’चं काय, असं कोणी विचारलं नव्हतं.

ज्यांचं यातलं काही जमत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात पुण्याचं सीओईपी (मूळ १८५४ चं) आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय (१८८७) आहेतच, शिवाय १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिल्यावर निघालेली शेकडो. शिक्षणसम्राटांवर आपण हवं तितकं बोलतो आणि बोलायलाही हवं. पण पुण्याच्या हिंजवडीत कामाला असलेल्यांतले बरेच जण याच कॉलेजांतून आलेत. मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला मणिपालचे, तेही इलेक्ट्रिकलचे. गूगलचे सुंदर पिचाई खरगपूरचे, पण मेटलर्जीचे. ही दोन नावं ‘बघ, काही अडत नाही’ म्हणून मुलांच्या तोंडावर फेकू नका, कारण अशा एकेका नावामागे न पोचलेले हजारो असतात.

केळकर १९७० मध्ये कानपूर सोडून संचालक म्हणून पवईला परतले आणि १९७४ पर्यंत तिथे होते. ज्या दोन कॅम्पसांपैकी कोणता घ्यावा म्हणून आज घरात अबोला धरला जातो, त्या दोन्हींच्या पायाभरणीत एकाच माणसाचा हात आहे.

यंदा ज्यांच्या घरी फॉर्म भरला जातोय त्यांनी प्रश्न जरूर विचारा, वेळ मिळेल तसं उत्तर देतो. आणि साठ-सत्तरच्या दशकात पवईला किंवा कानपूरला शिकलेले कोणी इथे असतील, तर मिन्स्क आणि १६२० वरच्या पंचकार्डांच्या आठवणी कॉमेंटमध्ये लिहाच.